गेमिंग पीसी जुळवून राहिलो, यादी एकदा पाहून द्या भाऊ

कपाशीवाला_गेमर, घाटंजी

राम राम मंडळी. पहिल्यांदाच धागा काढून राहिलो, चुकलं त सांभाळून घेजा. यंदाचा कापूस अर्धा विकला अन् अर्धा भाव वाढन म्हणून घरातच पडून आहे. जो विकला त्याच्यातले साठ हजार बाबा मले देऊन राहिले, अट एकच, की डिग्री होईपर्यंत कम्प्युटरच्या नावानं पुन्हा एक रुपया मागायचा नाही. म्हणजे जे घेईन ते एकाच फटक्यात बरोबर निघालं पाहिजे, नाही त जेवताना रोज ऐकावं लागन.

तालुक्याच्या दुकानातून कोटेशन आणलं ते असं आहे, रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी४५०एम मदरबोर्ड, डीडीआर५ रॅम १६ जीबीची एकच स्टिक, आरएक्स ६६०० ग्राफिक कार्ड, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, समोरून काच अन् तीन आरजीबी पंखेवालं कॅबिनेट अन् त्याच्या संगच येणारा ४५० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), मॉनिटर २४ इंची १६५ हर्ट्झ. घरी जुन्या पीसीतली १ टीबीची हार्डडिस्क अन् डीडीआर३ ची ८ जीबी रॅम पडून आहे, दुकानदार म्हणते ते पण लावून टाकू. खेळायचं म्हणजे व्हॅलोरंट अन् जीटीए फाइव्ह, बाकी कॉलेजचं कोडिंग. दुकानदार म्हणते "सगळं बसते, टेन्शन नको घेऊ". खरंच बसते का?

सॉकेटसम्राट, अकोला

पैसे देल्ले का बे? नसन देल्ले त हात खिशातच राहू दे.

बी४५० म्हणजे एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसते ती जागा), त्याच्यावर डीडीआर४ च चालते. डीडीआर५ बसतच नाही, चालत नाही असं नाही, बसतच नाही. दोघायलेही २८८ च पिना आहेत पण मधातली खाच वेगळ्या जागी असते, अन् जोर लावून दाबशीन त स्लॉट मोडन. एएमडीमध्ये डीडीआर५ पाहिजे असन त एएम५ घ्यावं लागते, ते २०२२ मध्ये आलं अन् त्याच्यात मग डीडीआर४ चालत नाही. तुही ती डीडीआर३ त कुठंच लागत नाही, भंगारवाल्याले दे. हार्डडिस्क मात्र चालते, साटा केबल लावली की झालं, पण त्याच्यावर गेम नको टाकू, फोटो अन् नोट्स ठेव.

अन् एकच स्टिक काहून? ८ च्या दोन घे, ड्युअल चॅनल, म्हणजे दोघी संगं चालतात अन् वेग वाढते. चार स्लॉटचा बोर्ड असन त प्रोसेसरकडून मोजलं तर दुसरा अन् चौथा, पहिल्या दोनात भरून मोकळा नको होऊ.

पुसदचा_पोट्टा

दुकानदारानं छत्तीस गुण जुळवले म्हणे, अन् नाडीच एक निघाली 😂

बुलढाण्याचा_बुवा

एएमडीच्या भानगडीत कायले पडता. १२ व्या जनरेशनचा आय५ १२४००एफ पाहा, सहा कोर बारा थ्रेड, तोही ५६०० च्या बरोबरीचाच आहे, बायोसची (बोर्डातला पीसी सुरू करणारा प्रोग्राम) कटकट नाही. फक्त एवढं पाहायचं की त्याच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये डीडीआर४ चे बोर्ड वेगळे येतात अन् डीडीआर५ चे वेगळे, बऱ्याच बोर्डांच्या नावातच डी४ लिहिलेलं असते. आणि एफ म्हणजे त्यात स्वतःचं ग्राफिक नसते, कार्ड लागतेच.

सॉकेटसम्राट, अकोला

बुवा आले म्हणजे आता तीन पानं इंटेल-एएमडी चालन. दोन्ही चांगले आहेत, ज्याच्यासोबतचा बोर्ड स्वस्त भेटन तो घ्या, विषय संपला.

रिपेअरवाली_ताई, हिंगणघाट

मी स्वतः दुकान चालवते, त्यामुळे दुकानदाराला लगेच चोर म्हणणार नाही. जुन्या कोटेशनच्या फाइलवर नाव बदलून प्रिंट मारायची सवय आमच्या धंद्यात सगळ्यांनाच आहे, त्यात एक ओळ नवी आणि एक ओळ जुनी राहून जाते. पण भावा, रॅमपेक्षा मोठ्या दोन गोष्टी या यादीत आहेत, त्या नीट वाच.

पहिली, ५६००जी आणि ग्राफिक कार्ड दोन्ही कशाला? जी म्हणजे ग्राफिक प्रोसेसरच्या पोटातच. कार्ड घेणारच असशील तर साधा ५६०० घे. त्यात एल३ कॅश (पोटातली वेगवान मेमरी) ३२ एमबी आहे, जी मध्ये १६ च, आणि जी पीसीआयई (कार्ड ज्या लाइनीवर चालतं ती) ३ वरच थांबतो, बोर्ड कितीही नवा असला तरी. उलट पैसे तुटत असतील तर ५६००जी एकटा घेऊन कार्ड पुढच्या हंगामाला घेणं हाही शहाणपणाचा मार्ग आहे, व्हॅलोरंट त्याच्यावर चालतं. पण तुझी अट एकाच फटक्याची आहे, पुढच्या हंगामाचं बाबा ऐकणार नाहीत, म्हणून साधा ५६००. फक्त लक्षात ठेव, त्यात पोटातलं ग्राफिक नाही, कार्ड बिघडलं तर स्क्रीनवर काहीच येणार नाही.

दुसरी, बी४५० बोर्ड. हा चिपसेट २०१८ चा आणि ५६०० बाजारात आला एप्रिल २०२२ मध्ये. बोर्ड त्याला चालवतो, पण नवा बायोस टाकला असेल तरच. आपल्याकडच्या दुकानात खोके कधीचे पडून असतात देव जाणे. मागच्या वर्षी एक पोरगा माझ्याकडे पीसी घेऊन आला, एसटीत मांडीवर कॅबिनेट घेऊन, पंखे फिरतात लाइटा लागतात आणि स्क्रीन काळी. तीन ठिकाणी रॅम बदलून झाली होती, एकाने प्रोसेसर मेला म्हणून सांगितलं होतं. मी माझ्याकडचा जुना रायझन लावून बायोस टाकला आणि त्याचाच प्रोसेसर परत बसवला, चालू. त्या पोराचे डोळे भरून आले होते, मलाच कसंतरी झालं. तेव्हा एकतर बी५५० घे, नाहीतर दुकानदाराकडून समोर बायोस अपडेट करून घे, नाहीतर फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड पाहा, त्यात प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून बायोस टाकता येतो. बी४५० वर आरएक्स ६६०० पीसीआयई ३ च्या वेगाने चालेल पण त्याने फार फरक पडत नाही, त्याची काळजी नको.

एसएमपीएसचं रात्री लिहिते, गिऱ्हाईक आलं.

मास्तर_निवृत्त

मी या क्षेत्रातला नाही तरी अनुभवाचे सांगतो. साठ हजारांत चांगला लॅपटॉप येतो, कॉलेजात नेता येतो, वीज गेली तरी चालतो. खेळण्यासाठी एवढा खर्च करणे योग्य वाटत नाही. शेतकऱ्याच्या पोराने विचार करावा.

पुसदचा_पोट्टा

सर शेतकऱ्याच्या पोरानं गेम नाही खेळायचे का मंग, फक्त फवारणीच करायची?

कपाशीवाला_गेमर, घाटंजी

सर तुमचं बरोबर आहे, पण लॅपटॉप बिघडला की आख्खा बिघडते, पीसीतला एक पार्ट बदलता येते. अन् खरं सांगू का, मले स्वतःच्या हातानं एकदा जुळवून पाहायचाच आहे. बाबा ट्रॅक्टरचं इंजिन स्वतः खोलतात, मीच हात लावायले भेतो असं म्हणतात.

रिपेअरवाली_ताई, हिंगणघाट

मास्तरांच्या बोलण्यात एक तथ्य आहे हो, हसू नका. लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० व्होल्टचा असतो आणि बॅटरी पोटात असते, गावच्या लाइनीला तो सोसतो. पीसी सोसत नाही, त्याची सोय आपल्याला करावी लागते. आणि ती सोय म्हणजेच एसएमपीएस.

कॅबिनेटसोबत फुकट येतो तो ४५० वॅटचा डबा. त्याच्या अंगावर एक लेबल असतं, त्यात +१२ व्ही च्या रकान्याखाली अँपिअर लिहिलेले असतात. माझ्याकडे आत्ता असा एक उघडून पडलाय, मोठ्या अक्षरात ४५० आणि +१२ व्ही खाली १८ ए. बारा गुणिले अठरा, २१६ वॅट. बाकीचे वॅट तीन आणि पाच व्होल्टच्या लाइनीवर दाखवलेले, ते आजच्या पीसीला फार कमी लागतात. आता तुझं कार्ड आरएक्स ६६०० हेच १३२ वॅटचं, प्रोसेसर जोरात असताना ७५ ते ९० घेतो. इथेच २१६ संपले, बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे उपाशी. शिवाय या डब्यात कार्डाची ६+२ पिनची वायरच नसते, मग दुकानदार मोलेक्सचा (जुन्या चार पिनच्या वायरीचा) कन्व्हर्टर लावून देतो. तो कन्व्हर्टर काळा पडलेला, वितळलेला मी किती वेळा काढलाय. तुला चांगला ५५० वॅटचा ८० प्लस ब्रॉन्झ पाहिजे. कार्डासाठी ४५० सुद्धा पुरतो असं कंपनी म्हणते, पण खरा ४५०, हा नाही. आणि ८० प्लस म्हणजे वीज किती वाया जात नाही त्याची चाचणी, टिकण्याची हमी नाही, वॉरंटी किती वर्षं ते वेगळं पाहायचं.

१६५ हर्ट्झचा मॉनिटर कमी कर हवा तर, काचेचं कॅबिनेट कमी कर, पण हा डबा नको.

वायरमन_काका, आर्णी

आमची पोरगी हा धागा वाचून राह्यली होती तिनं दाखोला, म्हनून लिहून राहिलो, मले तुमचं रायझन फायझन समजत नाही. पन पोरा, तू सॉकेट सॉकेट म्हनून राहिला, त्या सॉकेटाच्या आंधी भितीतलं सॉकेट पाहालं का? तुह्या घरी व्होल्टेज किती येते थे मोजलं का कधी? गावठान फीडरवर आहे का वावरातल्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर)? थे पयले सांग. आमच्या इकडं सांजच्याले पूर्ण गावाचे पंखे कूलर टुल्लू पंप एकाच टायमाले लागते तवा १८० च्या खाली उतरते, अन् रातच्याले लोकं झोपले की २५० च्या वर. ज्या दिवशी डीपीचं न्यूट्रल सुटन त्या दिवशी त इचारूच नको, अर्ध्या गावाचे टीव्ही जयते.

मल्टिमीटर आन कोनाचा, अन् ज्याले समजते त्याच्याच हातानं मोज, तू बोटं नको घालू. तीन टायमाले मोजाचं, सांजच्या साडेसातले, राती एकले अन् सकायी पानी भराच्या टायमाले. फेज न्यूट्रल मोज, अन् न्यूट्रल ते अर्थिंग बी मोज, थे दोन-तीन व्होल्टाच्या आत पाह्यजेन. जास्त असन त अर्थिंग नाई, नुसतं भोकाले भोक आहे. कॅबिनेटाले हात लावला की झिनझिन्या येते म्हनते ना लोकं, थे याच्यानंच.

सॉकेटसम्राट, अकोला

काकांनी एका पोस्टमध्ये आमची सगळ्यायची हवा काढली 🙏 मी एएम४ एएम५ करत बसलो अन् माहा स्वतःचा एसएमपीएस मागच्या साली गेला तो व्होल्टेजनंच.

एक जोडतो. एसएमपीएसच्या लेबलवर इनपुट पण वाचा. काहीवर २००-२४० व्होल्ट लिहिलेलं असते, काहीवर १००-२४०. चांगल्या कंपनीतही स्वस्त मॉडेल २००-२४० वालं येते. शहरात दोघंही सारखेच चालतात म्हणून यूट्यूबवाले हे सांगतच नाहीत. आपल्याकडं १८० ले उतरते, तिथं २००-२४० वाला गेम चालू असताना बंद पडते अन् पोट्टे म्हणतात कार्ड खराब आहे. १००-२४० वालाच घ्या.

कपाशीवाला_गेमर, घाटंजी

काका, बाजूच्या दादाकडे मल्टिमीटर होता, दोन दिवस मोजलं त्यानं. आम्ही गावठाण फीडरवरच आहो. सांजच्या साडेसातले १८१. राती एकले २४८. सकाळी २१०-२१५. न्यूट्रल अर्थिंग ३८ व्होल्ट दाखवलं, दादा म्हणते बोर्ड खोलून पाहू, खोललं त तिसऱ्या भोकाले वायरच नाही. घर बांधलं तवापासून नाही म्हणजे. अन् आमच्या फ्रिजले हात लावला की करंट लागते म्हणून आई चप्पल घालूनच फ्रिज उघडते, आम्हाले वाटे फ्रिजचा स्वभावच तसा आहे.

वायरमन_काका, आर्णी

फ्रिजचा सभाव 😀 अरे लेका थे अर्थिंग नसल्यानं. कम्प्युटरच्या आंधी तुह्या मायच्या जिवाचं पाह्य. उद्याच्या उद्या लायसनवाला वायरमन बोलाव. पाइप गाडून मीठ-कोयसा टाकून खड्डा करा अन् तठून वायर पार बोर्डापर्यंत आना. एक ध्यानात ठेव, आपली कायी माती, उनायात भेगा पडते, अर्थिंगचा खड्डा बी सुकते अन् पाइपाले माती धरत नाई. मार्चपासून आठ-पंधरा दिवसानं दोन बकीटी पानी टाकाचं त्याच्यात. लोकं एक डाव खड्डा करते अन् इसरून जाते.

बुलढाण्याचा_बुवा

स्टॅबिलायझर घ्यावा का यूपीएस? की दोन्ही? आमच्या घरी इन्व्हर्टर आहे, त्याच्यावरच पीसी चालवतो मी, काही होत नाही.

रिपेअरवाली_ताई, हिंगणघाट

बुवा, तुमच्या इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असेल, यूपीएस मोड आणि साधा मोड. यूपीएस मोडवर ठेवा, लाइन गेली की लवकर पलटतो आणि व्होल्टेज फार उतरलं-चढलं तर आधीच बॅटरीवर घेतो. आणि साइन वेव्ह आहे की स्क्वेअर ते पाहा, स्क्वेअर वेव्हवर चांगले एसएमपीएस कुरकुर करतात.

कपाशीवाल्याला मी म्हणेन आधी स्टॅबिलायझर, कारण त्याचा प्रश्न रोज सांजचा १८१ चा आहे. यूपीएस नंतर. साधा ६०० व्हीए चा यूपीएस म्हणजे ३६० वॅट, आणि आत ७ एएच ची लहान बॅटरी, गेम चालू असताना पाच-सात मिनिटं धरेल. ती खेळायला नसतात, सेव्ह करून बंद करायला असतात, हे पोरांना समजावता समजावता मी थकले.

चंद्रपूरचा_सध्या_पुण्यात

उशिरा आलो. उन्हाळ्याचं कोणी बोललंच नाही. चंद्रपूरला मे महिन्यात ४५-४६ म्हणजे बातमी पण होत नाही. पीसीच्या आतलं तापमान बाहेरच्या हवेवरच बसतं, खोली दहा अंश वाढली की प्रोसेसर पण साधारण दहा वाढतो. पुण्यात ७० वर चालणारा माझा पीसी घरी नेला की ८५ ला जायचा. ५६०० ला कंपनीने ९० ची मर्यादा दिली आहे, तिथे पोचला की तो स्वतःच हळू होतो, गेम अडकायला लागतो आणि माणूस इंटरनेटला शिव्या देतो.

म्हणून काचेचं तोंड असलेलं कॅबिनेट विदर्भात घेणं म्हणजे मे महिन्यात स्वेटर. समोर जाळी असलेलं घे, दोन पंखे आत ओढणारे, एक मागून फेकणारा. घ्यायच्या आधी कॅबिनेटमध्ये कार्ड किती मिलिमीटर लांबीचं बसतं आणि कूलर किती उंचीचा बसतो ते वाच, दोन्ही दिलेलं असतं. प्रोसेसरसोबत येणारा पंखा चालतो, पुढे उन्हाळ्यात गरम झालं तर टॉवर कूलर घे, तेव्हा ती उंची कामी येईल.

आणि आपला घरचा कूलर, वूड वूलवाला. खोली गार होते हे खरं, पण त्याची ओली हवा सरळ कॅबिनेटवर नको. माझ्या एका मित्राचं कॅबिनेट एका उन्हाळ्यात मागून गंजलं, स्क्रू निघेनात. कूलर एका भिंतीला, पीसी दुसऱ्या, आणि खिडकी उघडी.

कपाशीवाला_गेमर, घाटंजी

भाऊ पीसी मी मागच्या खोलीत ठेवणार आहो, तिथं गार राहते, कापूस भरून आहे ना तिथं.

रिपेअरवाली_ताई, हिंगणघाट

काय?? कापूस भरलेल्या खोलीत?? नाही. अजिबात नाही.

अरे, पहिलं तर रुई उडते. एका आठवड्यात जाळीवर थर बसतो, मग पंख्याच्या पात्यांवर, मग एसएमपीएसच्या आत, आणि तो आपण उघडूही शकत नाही. हिंगणघाटला जिनिंगच्या आजूबाजूचे जे पीसी माझ्याकडे येतात त्यांच्या हीटसिंकमधून मी अक्षरशः वाती ओढून काढते, देवाला लावता येतील इतक्या. आणि दुसरं, ठिणगी. आत्ता तुझ्या घरात अर्थिंग नाही, वायरिंग जुनी आहे, आणि बाबांचा अर्धा हंगाम त्या खोलीत पडला आहे. पुढे बोलत नाही मी.

वायरमन_काका, आर्णी

ताई बरोबर बोलली. त्या खोलीत बल्बाचं होल्डर बी ढिलं ठेऊ नये.

कपाशीवाला_गेमर, घाटंजी

समजलं. बाबाले वाचून दाखवलं, ते काहीच नाही बोलले, उठून त्या खोलीचा बटण बंद करून आले. पीसी आता समोरच्या खोलीत राहीन.

आता नवीन यादी पाहा. ५६०० साधा, बी५५०एम बोर्ड, डीडीआर४ ८-८ च्या दोन, आरएक्स ६६००, ५०० ची एनव्हीएमई, ५५० वॅट ब्रॉन्झ एसएमपीएस इनपुट १००-२४० वाला, जाळीचं कॅबिनेट, मॉनिटर १०० हर्ट्झ, स्टॅबिलायझर. अर्थिंगचे पैसे बाबा वेगळे देऊन राहिले, आईनं सांगतलं म्हणे. फक्त रॅमचा भाव पाहून डोकं फिरलं, एवढी महाग कधीपासून?

पुसदचा_पोट्टा

२०२५ च्या दिवाळीपासून भाऊ. एआयवाल्यायनं सगळी मेमरी उचलून नेली. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता, बाजारात तेवढाही पडला नाही, अन् रॅम घरबसल्या चढते. पुढच्या साली वावरात रॅमच पेरतो.

सॉकेटसम्राट, अकोला

नवीन यादी एकदम बरोबर. रॅम सेकंडहँड घे, डीडीआर४ लवकर खराब होत नाही, फक्त दोन्ही स्टिक एकाच जोडीतल्या पाहा अन् घेतल्यावर रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्राम) चालव, एक बी एरर आली त परत कर. एसएमपीएस मात्र सेकंडहँड कोणी फुकट देल्ला तरी नको.

एनव्हीएमई घेताना एम.२ लिहिलेलं पाहून फसू नको, एम.२ मध्ये साटावाली पण येते, दिसायले सारखीच पण हळू. अन् काही बोर्डावर एम.२ भरली की साटाचे एक-दोन पोर्ट बंद होतात, तुही जुनी हार्डडिस्क दिसली नाही त घाबरू नको, मॅन्युअल पाहून केबल दुसऱ्या पोर्टात लाव.

कपाशीवाला_गेमर, घाटंजी

मंडळी अपडेट. सतरा-अठरा दिवस लागले सगळं यायले. बोर्ड अन् प्रोसेसर नागपूरवरून सीताबर्डीच्या एका दुकानातून आणले, बाकी ऑनलाइन, कुरिअरवाला गावात येत नाही म्हणून खोके तालुक्यावरून मोटरसायकलवर दोन खेपा करून.

काल जेवण झाल्यावर बसलो. खालची सतरंजी काढून टाकली, कॅबिनेटच्या लोखंडाले हात लावून मगच पार्टाले हात लावला, कोणीतरी स्टॅटिकचं सांगतलं होतं. आयओ शील्ड (मागच्या पोर्टांभोवतीची पत्र्याची पट्टी) पहिल्यांदा विसरलो, बोर्ड कसल्यावर आठवली, पुन्हा नऊ स्क्रू खोलले. प्रोसेसर ठेवताना त्रिकोणाले त्रिकोण लावला अन् तो आपोआप बसला, दाबावं लागलंच नाही, श्वास धरून बसलो होतो मी. मग कार्डाची वायर प्रोसेसरच्या आठ पिनात लावायले गेलो, दोघी दिसायले सारख्याच आहेत, ती बसे ना म्हणून जोर लावणार तेवढ्यात एका वायरवर सीपीयू लिहिलेलं दिसलं. ४+४ वाली प्रोसेसरची अन् ६+२ वाली कार्डाची, हे कोणीतरी मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

साडेबाराले बटण दाबलं. पंखे फिरले, लाइट लागले, स्क्रीन काळी. माह्या डोयासमोर ताईचा तो एसटीवाला पोरगा आला. रॅम काढली, लावली, कार्ड काढलं, लावलं, एक तास. बाबा खाटेवरून नुसते पाहत होते, एक शब्द बोलले नाही, त्याचंच जास्त टेन्शन. शेवटी लहान बहीण पाणी प्यायले उठली, मागं वाकून पाहिलं अन् म्हणे, "दादा, याच्या खाली बी असंच एक भोक आहे ना, त्याच्यात काहून नाही लावली?" मी एचडीएमआय मदरबोर्डाले लावली होती. कार्डाले लावली अन् आलं. ती आता सगळ्यायले सांगून राहिली की कम्प्युटर तिनं दुरुस्त केला.

पुसदचा_पोट्टा

बहिणीले दुकान टाकून द्या 😂😂

रिपेअरवाली_ताई, हिंगणघाट

पाठव माझ्याकडे, मला माणूस हवाच आहे. अभिनंदन भावा. दोन कामं राहिली असतील. बायोसमध्ये जाऊन रॅमचं एक्सएमपी (पूर्ण वेगाची सेटिंग) चालू कर, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगावरच चालत राहते आणि वर्षानुवर्षं कोणाला कळत नाही. आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सेटिंग चालू लागतात, त्याही तिथेच. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १०० हर्ट्झ निवड, ते स्वतःहून ६० वरच राहतं पुष्कळदा.

कपाशीवाला_गेमर, घाटंजी

झालं ताई तिन्ही. रॅम खरंच २४०० दाखवून राहिली होती, आता ३२००. गेममध्ये प्रोसेसर ६८, कार्ड ७१, पण आता थंडी आहे, मे मध्ये पुन्हा सांगतो.

अर्थिंग झालं, न्यूट्रल अर्थिंग आता १ व्होल्ट. आई फ्रिज अजूनही चप्पल घालूनच उघडते, सवय म्हणे.

अन् त्या स्टॅबिलायझरवर लाल आकडे दिसतात ना आत येणाऱ्या व्होल्टेजचे, ते आमच्या बाबाले लय आवडले. सांजच्याले मी गेम खेळून राहिलो की मागं येऊन उभे राहतात, मले वाटते आता बोलतीन, पण ते स्क्रीनकडं पाहतच नाहीत. "किती झाले? दोनशे झाले का?" झाले म्हटलं की जाऊन टुल्लू लावतात.